एका समाधीला एक मूठ

जेठ सरत आला तेव्हा मल्लम्माच्या समाधीवरचं बेल गेलं.

एका दिवसात गेलं नाही. आठ दिवसांपासून पानं माना टाकून होती. तिचा नवरा ईश्वरप्पा रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन जायचा, बुंध्याशी ओतायचा आणि स्वतःलाच म्हणायचा, ऊन लई हाय, आभाळ आलं की उठंल. त्या सकाळी मात्र पानं हाताला कुरकुरली. त्यानं दोन बोटांनी रोपाला हात लावला आणि रोप लोण्यातून केस निघावा तसं वर आलं. खाली मुळांचा जुडगा असायला हवा होता. तिथं नुसतं सोटमूळ होतं, काळं पडलेलं, उंदरानं कुरतडलेल्या सुतळीसारखं.

त्यानं नखानं साल सोलली. आत काळी भुकटी होती.

ज्वारीचं ताट खडखड्या रोगानं गेलं की चिरल्यावर असंच दिसतं. आत गर राहत नाही, कोळशाची पूड राहते, आणि वारा आला की उभं शिवार खडखडतं. सत्तर वर्षं मातीत घालवलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. पण बेलात खडखड्या त्यानं कधी पाहिला नव्हता.

त्यानं मागंपुढं बघितलं. समाधीच्या रानात कुणी नव्हतं. रोप त्यानं सदऱ्यात घातलं, घरी आणलं आणि न्हाणीच्या चुलीत सारलं. सून विचारायला लागली, तर म्हणाला, बकऱ्यानं खाल्लं.

हे लपवणं साधं नव्हतं. त्यांच्या होनमाळ गावाच्या आसपास, म्हणजे उदगीरपासून देवणीपर्यंत आणि तिकडं मुखेड-देगलूरच्या अंगालाही, लिंगायत लोकांत माणूस गेलं की त्याला मातीत बसवतात, आणि पहिल्या श्रावणात समाधीवर बेल लावतात. ते बेल लागलं म्हणजे माणूस शिवाकडं पोचलं, घराचं ऋण फिटलं. वाळलं, तर म्हाताऱ्याचं किंवा म्हातारीचं शेवटी काहीतरी राहून गेलं, घरानं कुठंतरी उणं केलं. तोंडावर कुणी बोलत नाही. पण लग्नकार्यात सोयरे दोन पावलं लांब बसतात.

आणि ते बेल असं कुठूनही आणून लागत नसे. रोप कुठलंही चाले, पण खड्ड्यात होनमाळच्या बनातली एक मूठ माती पडावी लागे. बनात एक बेल होतं, तिघांनी हात धरले तरी कवेत न येणारं. त्याला सगळे थोरली म्हणायचे. थोरलीच्या उगवतीच्या मुळाशी, वीतभर खाली, लाकडाच्या खुंटीनं उकरून माती काढायची. लोखंड लावायचं नाही. देणारा हात एकच, ईश्वरप्पाच्या घरचा. आणि एका समाधीला एक मूठ, गरिबाच्या दारची असो की पाटलाच्या. आज्याच्या काळापासून हे चालत आलं होतं, आणि त्या मुठीनं लावलेलं बेल दुष्काळातही तग धरायचं. बाकीच्या रोपवाटिकांतली रोपं शंभरातली दहा जगायची. इथली शंभरातली नव्वद.

ईश्वरप्पाच्या हाताला ती माती ओळखीची होती. मुठीत आवळली की लाडवासारखी बसायची आणि बोटानं टोचली की दाण्यादाण्यानं सुटायची. वास ओल्या पाटीसारखा. गेल्या श्रावणात त्यानं दीडएकशे मुठी दिल्या, तेव्हा माती लाडू धरत नव्हती. पिठासारखी बोटांच्या फटीतून गळत होती. त्याला ते कळलं होतं. पण समोर रांग होती, ढोल वाजत होता, आणि माती ती मातीच, असं म्हणून त्यानं मूठ जरा घट्ट धरली आणि दिली.

त्यातलीच एक मल्लम्माला दिली होती.

आषाढात नात आली. सृष्टी नांदेडला शिकत होती, विष्णुपुरीच्या बाजूला दोन मैत्रिणींसोबत खोली करून राहायची. झाडांच्या मुळांवर तिचा अभ्यास होता. फाल्गुनात येऊन तिनं बनातली बारीक मुळं चिमट्यानं वेचून, बाटल्यांत घालून नेली होती. आता ती थोरलीच्या पाराला टेकून बसली आणि फोनमध्ये काहीतरी शोधू लागली. शेजारी दगडोबा बसला होता. दगडोबा म्हणजे ईश्वरप्पाचा लहानपणापासूनचा सोबती. त्याची तेरा बकरी बनाच्या कुंपणाबाहेर चरत होती.

"पोरगी नांदेडला मुळं शिजवायला गेली म्हणं," दगडोबा म्हणाला. "आन् घरी भाकरी कोन शिजवावं, अप्पा?"

"दगडूअज्जा, तुमच्या बकऱ्यांनी खाऊन मुळं उरली असती तर अजून शिजवली असती," सृष्टी मान वर न करता म्हणाली.

"माझी बकरी कुंपनाच्या आत पाय टाकत न्हाईत."

हे बोलताना त्यानं ईश्वरप्पाकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मल्लम्माचं बेल बकऱ्यानं खाल्लं ही गोष्ट गावभर झाली होती आणि गावात बकरी फक्त दगडोबाची होती. ईश्वरप्पानं नजर जमिनीला लावली.

सृष्टीनं फोन पुढं केला. "हे बघा अज्जा. मुळं क्षारात शिजवायची, मग निळ्या रंगात घालायची. मुळाच्या आत जे धागे असतात ते निळे दिसतात. हा फोटो आमच्या मॅडमनी तीन वर्षांपूर्वी काढलेला. थोरलीचंच मूळ."

मूळ काचेसारखं आरपार दिसत होतं आणि आत निळ्या शिराच शिरा होत्या. कुठं झुडपासारख्या फुटलेल्या, कुठं थेंबासारख्या फुगलेल्या.

"ही बुरशीच आहे, पण चांगली. ती मुळात राहते आणि मुळाच्या बाहेर मातीत लांबवर पसरते. जिथं मुळाचा हात पोचत नाही तिथलं पाणी, तिथलं सत्त्व आणून झाडाला देते. झाड तिला साखर देतं. मातीला दाणे धरतात ते पण हिच्यामुळंच."

"म्हंजे बटई," दगडोबा म्हणाला. "रान ह्याचं, कष्ट त्याचं, माल अर्धा अर्धा."

"हाव, तसंच. आता हा बघा, फाल्गुनातला."

दुसऱ्या फोटोत मूळ तसंच होतं, पण आत निळं काही नव्हतं. रिकामी नळी. एका कडेला एक तुटका धागा.

"तीन वर्षांपूर्वी शंभर तुकडे तपासले तर एकाहत्तरांत धागा होता. आता नवांत."

"गेले कुठं?" ईश्वरप्पानं विचारलं.

"उपाशी मेले. चार उन्हाळे बघा ना कसे गेले. पाऊस पडतो तो एका दिवसात, मग महिना महिना खाडा. भोवती सातशे-सातशे फूट बोअर. झाडानं पानं मिटून घेतली, साखर बनवायची कमी केली. स्वतःलाच पुरत नाही तर बटईदाराला काय देणार. धागे गेले म्हणून झाडाला पाणी कमी, पाणी कमी म्हणून साखर अजून कमी. एकानं दुसऱ्याला सोडलं की दोघं खाली जातात."

दगडोबानं वर बघितलं. थोरलीच्या उगवतीच्या फांद्या हिरव्या होत्या. मावळतीच्या तीन फांद्यांवर पान नव्हतं. "पन झाड तर उभं हाय की," तो म्हणाला.

"झाडाला लई दिवस उभं राहता येतं, अज्जा. आतून गेल्यावरही." तिनं तिसरा फोटो काढला. "आणि रान रिकामं राहत नाही. ते धागे दारावर पण बसायचे, वाईटाला आत येऊ द्यायचे नाहीत. आता दार उघडं आहे."

तिसऱ्या फोटोतल्या मुळात काळे ठिपके होते, खसखशीहून बारीक, दाटीवाटीनं बसलेले.

"तुम्ही ह्याला खडखड्या म्हणता. ज्वारीचा तोच. उष्णता आणि कोरडं ह्यावरच तो वाढतो. हे दाणे मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, मरत नाहीत. मोठं झाड काही वर्षं झुंजतं. कोवळं रोप एक उन्हाळा काढत नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "अज्जा, तुमच्या मुठीतून आधी चांगले धागे जायचे. रोपाला पहिल्याच दिवशी सोबत मिळायची, म्हणून ते लागायचं. तुमच्या आज्ज्याला नाव ठाऊक नव्हतं, पण काम खरं होतं. आता त्याच मुठीतून हे जातं. यंदा माती देऊ नका. आणि गेल्या वर्षी ज्यांनी नेली त्यांना सांगा, त्या खड्ड्यात परत काही लावू नका, ती माती रानात पसरू देऊ नका."

ईश्वरप्पाला न्हाणीची चूल दिसत होती.

"अव्वाच्या समाधीवरचं बेल खरंच बकऱ्यानं खाल्लं का?" सृष्टीनं विचारलं.

"हाव," ईश्वरप्पा म्हणाला.

दगडोबा उठला, काठी घेतली आणि बकऱ्यांमागं गेला. जाताना रामराम केला नाही.

श्रावण लागला. पाऊस नव्हताच. सोयाबीनची पानं दुपारी पाठ दाखवायची. दुसऱ्या सोमवारी मातीचा दिवस, आणि त्याच्या आधीच्या बुधवारी उज्वला आली. देवणीकडची बाई, अंगणवाडी चालवायची. गेल्या साली वडिलांच्या समाधीसाठी मूठ घेऊन गेली होती. चपला लांब काढून ती पाराखाली बसली, शरणार्थ म्हणाली आणि बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

"अप्पा, एक सांगते. कुनाला म्हनू नका."

"बोल की बाई."

"बाबांचं बेल गेलं. वैशाखातच गेलं. मी रोज पानी घालत होते, एक दिस चुकवला न्हाई. भावानं अजून बघितलं न्हाई, मी दुसऱ्या झाडाची फांदी आनून तिथं रोवून ठिवलीय." ती हसली, पण ते हसू लगेच मोडलं. "शेवटचे सहा महिने बाबा माझ्याकडं होते. वहिनी आधीच म्हनती की मीच काहीतरी कमी केलं. एकदा रात्री त्यांनी पानी मागितलं आन् मला झोप लागली होती, अप्पा. एकदाच. त्याचंच असंल का हे?"

एक वाक्य पुरलं असतं. बाई, तुझं काही चुकलं न्हाई, माझ्या हातानं गेलं. ईश्वरप्पानं तोंड उघडलं. पण ते वाक्य एकटं बाहेर येणारं नव्हतं. त्याच्यामागून दीडशे समाध्या आल्या असत्या. ज्या हाताला लोक डोळे मिटून कपाळ लावायचे, त्या हातानं त्यांच्या आईबापांच्या उशाशी काय नेऊन ठेवलं, ते आलं असतं.

"ऊन लई होतं ना गं यंदा," तो म्हणाला.

"हाव. तेच म्हनते मी." तिला तेवढ्यानंही बरं वाटलं. "सोमवारी येते मग. दुसरी मूठ द्या. कुनी विचारलं तर चुलतीसाठी म्हनून सांगन."

शुक्रवारपर्यंत आणखी चार जण येऊन गेले. औशाचा एक भुसार व्यापारी गाडी लांब उभी करून चालत आला. मुखेडकडचे दोघे भाऊ वेगवेगळे आले, एकमेकांपासून लपून. सगळ्यांची गोष्ट एकच आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, कुनाला म्हनू नका. तेव्हा ईश्वरप्पाला सगळं चित्र दिसलं. गावोगाव बेलं गेली होती. ज्याचं गेलं त्यानं गुपचूप उपटलं, माती शेजारच्या रानात फेकली, आणि आपल्याच घराला दोष लागला म्हणून तोंड शिवून बसला. कुणी कुणाला बोललं नाही म्हणून कुणालाच कळलं नाही की सगळ्यांचंच गेलंय. आणि सगळे पुन्हा तिथूनच माती न्यायला येणार होते.

"सांगा अज्जा," सृष्टी म्हणाली. शनिवारी तिनं त्याला तिसऱ्यांदा हे म्हटलं. "नुसतं देत नाही म्हणू नका. का देत नाही ते सांगा."

"सांगतो. सोमवारी, सगळ्यांच्या म्होरं."

"नक्की?"

"तुझ्या अव्वाची आन."

सोमवारी सकाळी आठलाच बनाच्या बाहेर जीपगाड्या, मोटरसायकली आणि दोन एसट्या उभ्या होत्या. मन्मथनं मांडव घातला होता. मन्मथ बनाच्या कमिटीचा अध्यक्ष, गडी तिशीचा, हौशी. माईक त्याच्याच हातात असायचा. एका बाजूला कढईत शिऱ्याचा रवा भाजून चालला होता. यंदा लोक दुप्पट, चारशेच्या घरात होते. मन्मथ खुशीत होता. ईश्वरप्पाला गर्दीतली निम्मी तोंडं गेल्या सालची दिसत होती.

अंघोळ करून, कपाळावर विभूती ओढून तो थोरलीच्या उगवतीला बसला. पुढं लाकडी खुंटी. सृष्टी त्याच्या मागं उभी. रांगेत पहिला माणूस म्हातारा होता, सरळ पाठीचा, हातात पांढरं फडकं. त्यानं फडकं पसरलं आणि म्हणाला, "लेकासाठी हाय, अप्पा."

ईश्वरप्पानं खुंटी उचलली नाही.

"यंदा माती न्हाई," तो म्हणाला.

म्हाताऱ्याला कळलं नाही. त्यानं फडकं आणखी पुढं सरकवलं. मागच्या बाईनं ऐकलं आणि मागं सांगितलं. कुजबुज रांगेच्या शेपटापर्यंत गेली आणि परत आली. मन्मथ माईक घेऊन लगबगीनं आला.

"अप्पा, काय झालं? तब्येत बरी न्हाई का? मी देऊ का तुमच्या हाताला हात लावून?"

"माती द्यायची न्हाई."

"का पन? लोकं पन्नास-पन्नास कोसावरून आली."

सृष्टीनं मागून त्याच्या खांद्याला हात लावला. ईश्वरप्पानं रांगेकडं बघितलं. पाचव्या नंबरवर उज्वला होती. तिच्या मागं तिचा भाऊ आणि वहिनी. वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. ईश्वरप्पाच्या जिभेवर सगळं आलं होतं, आणि तिथंच ते वाळलं. त्यातलं जे हलकं होतं तेवढंच बाहेर पडलं.

"थोरली चाललीय," तो म्हणाला. "आतून पोकळ झालीय. लई दिस काढायची न्हाई."

हे खरं होतं. पण अर्धं होतं.

मन्मथचा चेहरा उतरला. माईक चालूच होता. "भाविकांनो," तो म्हणाला, "अप्पा सांगायलेत की थोरली आता थकली. तिचं हे शेवटचं साल असंल."

काहींनी हात जोडले. एक म्हातारी पदराला डोळे पुसायला लागली. मग मागून कुणीतरी शांतपणे विचारलं, "म्हंजे फुडल्या वर्षी माती मिळनारच न्हाई?"

आणि रांग मोडली.

कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. लोक नुसते पुढं सरकले, सगळे एकदम, लग्नाच्या पंगतीत सरकतात तसे. पहिल्या म्हाताऱ्यानं वाकून हातानंच माती ओढली. एक मूठ, मग दुसरी. त्याच्या बाजूला दोन बायका बसल्या. घरात म्हातारं माणूस आहे, आज ना उद्या लागंल, म्हणून एकीनं ओंजळ घेतली. दुसरीनं सासूसाठी, आईसाठी आणि हसत हसत स्वतःसाठीही घेतली. मग पिशव्या निघाल्या. डबे निघाले. वरची माती संपली तशी खालची घट्ट लागली, आणि कुणीतरी मांडवाची पहार आणली.

"लोखंड लावू नका," ईश्वरप्पा म्हणाला.

दोन तरुणांनी त्याला काखेत हात घालून अलगद उचललं. "अप्पा, तुमी हिकडं सावलीत बसा. लागंल तुमाला." त्यांनी त्याच्या पायाला हात लावला, नमस्कार केला आणि परत पहारीकडं गेले. पहार खाली जाई तेव्हा मऊ आवाज येई आणि मधेच एक कोरडा, मुळाचा. उगवतीचं झालं तशी दक्षिणेला सुरुवात झाली. मन्मथ माईकवरून सांगत होता, सगळ्यांना मिळंल, गडबड करू नका, बायामानसांना आधी जाऊ द्या.

ईश्वरप्पा उठला. गर्दी त्याला वाट देत होती, मानानं देत होती, आणि त्याच्यामागं लगेच मिटत होती. त्यानं मन्मथच्या हातातून माईक घेतला.

"ही माती नेऊ नका," तो म्हणाला. त्याचा आवाज भोंग्यातून बनाच्या चारी बाजूंना गेला. "हिच्यात खडखड्या हाय. माझ्या मल्लम्माचं बेल हिनंच गेलं. मी जाळलं आन् बकऱ्यावर घातलं. गेल्या साली ज्याचं ज्याचं वाळलं, त्याच्या घराचा काही दोष न्हाई. ते माझ्या हातानं वाळलं."

पहार थांबली. ईश्वरप्पाला वाटलं, ऐकलं.

मग खड्ड्यातून एक गडी म्हणाला, "तुमचं वाळलं असंल, अप्पा. आमचं न्हाई वाळलं." तो मुखेडकडच्या दोघा भावांतला थोरला होता. धाकटा चार हातांवर उभा होता. तो भावाकडं बघत म्हणाला, "हाव, आमचं तर कंबरेएवढं झालंय." आणि दोघांनी एकमेकांकडं न बघता पिशव्या भरल्या. औशाच्या व्यापाऱ्यानं डिकीचं झाकण लावलं. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याच्या जिवावर आलंय माती द्यायचं. कुणी म्हणालं, नातीला औषध करायचं असंल ह्याचं. पहार पुन्हा चालू झाली.

ज्याचं वाळलं होतं असा एकही माणूस त्या चारशेत हात वर करायला तयार नव्हता.

दगडोबा मात्र जवळ आला. "एवढं बोलायला तुला दोन महिने लागले," तो म्हणाला. "माझ्या बकऱ्यांची नावं घेतलीस तवा जीभ बरी चालली." मग तो वळला आणि फाटकात आडवी काठी धरून उभा राहिला. पहिल्या मोटरसायकलवाल्यानं त्याला शरणार्थ घातला आणि बाजूच्या मोडक्या कुंपणातून गाडी काढली. मागच्यांनी तीच वाट धरली. चाकांना, चपलांना, धोतराच्या सोग्यांना माती लागली होती, ती सोयाबीनच्या तासांतून सांडत गेली.

तासाभरात थोरलीच्या भोवती कंबरभर चर झाला होता. बारीक मुळं तुटून लोंबत होती. वारा नव्हता तरी वरून पानं गळत होती, हिरवीच.

कुणीतरी ईश्वरप्पाच्या समोर येऊन उभं राहिलं. उज्वला होती. पदरात गाठोडं, ओंजळ-दोन ओंजळीचं. तिची वहिनी लांब जीपपाशी तिला हाका मारत होती.

"बुधवारी मी आले होते," ती म्हणाली.

"हाव."

"तवा ठाऊक होतं तुमाला."

"हाव."

ती रडली नाही. तिनं गाठोड्याकडं बघितलं. "हे कुठं टाकू?"

ईश्वरप्पानं चराकडं बघितलं. मग बाहेर, जिथं रानं होती. मग ओढ्याकडं. ओढा पुढं मन्याड नदीला जात होता. त्यानं सृष्टीकडं बघितलं.

"कुठंच नका टाकू," सृष्टी म्हणाली. "आगीवर. लाल होईस्तोवर भाजली तर मरंल."

शिऱ्याची कढई रिकामी झाली होती. आचारी ती घासायला काढतच होता. ईश्वरप्पानं त्याला थांबवलं, चुलीत दोन ओंडके सारले आणि उज्वलाच्या पदरातली माती कढईत ओतून घेतली. तिनं पदर उलटा करून आगीवर झटकला. तो हातभर उलथणं घेऊन माती परतायला लागला. आधी वाफ निघाली, ओल्या पाटीसारख्या वासाची, अगदी थोडी. मग ती गेली आणि जळकं उठलं.

समोरच्या रस्त्यानं जीपा चालल्या होत्या. उदगीरकडं, निलंग्याकडं, देगलूरकडं. टपांवर पिशव्या बांधलेल्या. मन्मथ माईकवरून शिऱ्याचा प्रसाद घेऊन जाण्याची विनंती करत होता.

"हिच्यात चांगले धागे ऱ्हायले असतील का गं एखादे?" ईश्वरप्पानं विचारलं. "नवांतले?"

"असतील की."

"तेबी मरत्याल?"

"सगळंच मरतं, अज्जा."

त्यानं मान हलवली आणि आणखी एक ओंडका चुलीत सारला.